पहिला पक्षी नीट दिसावा म्हणून

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींचा. त्या निमित्ताने या वेळच्या सदरात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली, मुलांच्या पक्षीनिरीक्षणाविषयीची पत्रं घेतली आहेत. बहुतेकांनी ‘मुलांना कुठे न्यावं’ असं विचारलं आहे. आमच्या मते कुठे न्यावं यापेक्षा कसं दाखवावं हे आधी ठरवायला हवं. ज्या मुलाने एकच पक्षी दहा मिनिटं मनासारखा पाहिला, ते दुसऱ्या दिवशी आपणहून उठून बाहेर पडतं. चाळीस नावं ऐकवलेल्या मुलाला मात्र पुन्हा ओढून न्यावं लागतं. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. तिला मोठ्यांची ८×४२ दुर्बीण दिली. ती म्हणते, ‘दोन गोल दिसतात, पक्षी दिसतच नाही.’ तिच्यासाठी कोणती दुर्बीण घ्यावी?
— एक पालक, कराड

दुर्बीण वाईट नसावी, ती तिच्या डोळ्यांच्या मापाची नाही. दुर्बिणीच्या दोन नळ्या मधल्या बिजागरीवर मिटतात, पण एका मर्यादेपर्यंतच. मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणी डोळ्यांमधलं अंतर ५६ मिलिमीटरच्या खाली आणू देत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर अनेकदा त्याहून कमी असतं. मग दोन वर्तुळं एकमेकांवर बसत नाहीत, डोळा ताणला जातो आणि मूल कंटाळून दुर्बीण खाली ठेवतं. घरी मोजून बघा. मुलीला समोर दूरवर बघायला सांगा, नाकाच्या वर आडवी पट्टी धरा आणि एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. दुकानात जाताना तो आकडा बरोबर न्या आणि दुर्बीण पूर्ण मिटून तिच्याच डोळ्यांना लावून बघा. मागवून घेणार असाल तर डोळ्यांमधलं सर्वात कमी अंतर किती, हे माहितीपत्रकात आधी वाचा.

या वयाला ८×२५ किंवा ८×३० पुरते. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसेल तो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ८×४२ ला ती सव्वापाच मिलिमीटर येते, ८×२५ ला तीनच्या थोडी वर. उजाडताना आणि दाट झाडीत हा फरक जाणवतो, सकाळी आठ वाजता माळावर जाणवत नाही. उलट वजनाचा फरक लगेच जाणवतो. ८×४२ साधारण ६५० ते ७५० ग्रॅमची असते, दोन बिजागरींची छोटी ८×२५ साडेतीनशेच्या आसपास. पाच मिनिटांत हात भरून आले की मूल पक्ष्याकडे बघायचं सोडून देतं.

दहापेक्षा जास्त पटीची दुर्बीण घेऊ नका. दुर्बीण जितक्या पटीची, तितक्याच पटीने हाताची थरथर चित्रात वाढते. जत्रेत मिळणाऱ्या ‘वीस पट’, ‘तीस पट’ आणि लाल चकाकीच्या भिंगांच्या दुर्बिणींतून अंधुक आणि विचित्र रंगांचं दिसतं. त्या पैशांत दुर्बिणीशिवाय एक वर्ष काढलेलं बरं. बुलबुल, दयाळ, वेडा राघू, कोतवाल हे सगळे नुसत्या डोळ्यांनी उत्तम दिसतात.

दुर्बीण आणल्यावर क्रम असा ठेवा. आधी नळ्या मिटत मिटत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. चष्मा नसेल तर डोळ्यांकडचे रबरी कडे वर, चष्मा असेल तर खाली. मग साधारण पन्नास पावलांवरची एक पाटी निवडायची. उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षर स्वच्छ करायचं. नंतर डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरचं कडं फिरवून उजव्या डोळ्याला स्वच्छ करायचं. त्या कड्याची जागा लक्षात ठेवली की पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. एवढं करूनही दोन प्रतिमा दिसत असतील, डोकं दुखत असेल, तर आतली लोलकं सरकलेली आहेत. ती दुर्बीण परत करा.

पक्षी सापडत नाही याचं दुसरं कारण म्हणजे मुलं आधी दुर्बीण डोळ्याला लावतात आणि मग पक्षी शोधतात. आधी साध्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर तिथेच खिळवून ठेवायची आणि मान न हलवता दुर्बीण वर आणायची. ही सवय पक्ष्यांवर होत नाही, कारण ते थांबत नाहीत. गच्चीवरून विजेच्या खांबाची टोकं, दूरच्या टाकीवरची अक्षरं, देवळाचा कळस यांवर आठवडाभर करून घ्या. कोपरं छातीच्या बरगड्यांना टेकवली की हात स्थिर राहतो. गळ्यातला पट्टा आखूड करून दुर्बीण छातीवर राहील अशी ठेवा, पोटावर आपटत राहिली की मूल ती काढून टाकतं. सूर्याकडे दुर्बीण वळवायची नाही, हे एकदा सांगून भागत नाही. कायमची दृष्टी जाऊ शकते. सूर्याच्या दिशेचा पक्षी दुर्बिणीतून बघायचाच नाही, असा नियमच ठेवा.

भिंग शर्टाच्या टोकाने कोरडं पुसू नका, धुळीचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कापड. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात, बंद कपाटातल्या भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकून त्यात दुर्बीण ठेवा.

प्रश्न : चौथी-पाचवीच्या चाळीस मुलांना आम्ही तलावावर नेलं. पोचताच बदकं उडाली आणि पलीकडे गेली. मुलं कंटाळली. रोहित पक्षी दिसतील असं सांगितलं होतं, तेही नव्हते. पुढची सहल कशी आखावी?
— एक शिक्षक, खटाव तालुका

सर, तुमच्या तालुक्यात मायणी आणि येरळवाडी असे दोन चांगले तलाव आहेत, त्यामुळे सहल फसण्याचं कारण ठिकाण नाही. पाण्यावरचे पक्षी उघड्यावर बसतात. त्यांना लांबूनच सगळं दिसतं. चाळीस मुलं एका ओळीत बंधाऱ्याच्या माथ्यावर चढली की आकाशासमोर चाळीस आकृत्या हलताना दिसतात. तेवढं पुरतं.

आधी रोहितांबद्दल. रोहित म्हणजेच अग्निपंख. त्याला घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. तो मान खाली वाकवून, चोच उलटी करून गाळमिश्रित पाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव व शेवाळ खातो. म्हणूनच चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव काठोकाठ भरला की रोहित उशिरा येतात किंवा दुसरीकडे उतरतात. पाणी ओसरून काठाचा गाळ उघडा पडला की त्यांची शक्यता वाढते. तलाव पूर्ण आटला तर मग काहीच नाही. तेव्हा सहलीच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाणी बघून या, निदान तिथल्या गुराख्याला विचारा. आणि मुलांना रोहितांचं वचन देऊ नका. तेच पाहायला गेलेल्या मुलाला समोरचा लांब पायांचा शेकाट्या दिसत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारीमधली सकाळ निवडा. उजाडताना पोचा. पूर्वेच्या काठावर थांबा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि समोरच्या पक्ष्यांवर उजेड पडतो. पश्चिमेच्या काठावरून सकाळी सगळे पक्षी काळेच दिसतात आणि मुलांना सगळी बदकं एकच वाटतात. गणवेशाचा पांढरा शर्ट लांबूनही उठून दिसतो. वर मातकट, करडा, गडद हिरवा स्वेटर घालायला सांगा.

चाळीस मुलांचे पाच गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. एका वेळी एकाच गटाने काठाकडे जायचं, बाकीच्यांनी मागे झाडाखाली. बंधाऱ्याच्या माथ्यावर न चढता उताराला बसायचं. बसलेल्या माणसाला पक्षी उभ्या माणसापेक्षा जास्त वेळ सहन करतात. बदकांपासून शंभर पावलं तरी दूर थांबा, पण अंतराच्या आकड्यापेक्षा पक्ष्यांकडे लक्ष द्या. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, सगळे एकाच दिशेला पोहू लागले, की तुम्ही नको तितके जवळ आलात. तिथेच खाली बसा. पाच मिनिटांत माना पुन्हा खाली गेल्या तर ठीक, नाही तर वीस पावलं मागे या. हे मुलांना आधी वर्गात सांगा. बदकांच्या माना वाचायला शिकलेली मुलं मग एकमेकांना स्वतःच थांबवतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडवलं की त्याचं चरणं थांबतं आणि खाल्लेलं अन्न उडण्यातच जळतं. हे कारण पाचवीतल्या मुलाला नीट कळतं.

दोन तास गप्प बसा, अशी अपेक्षा ठेवू नका, ते होणार नाही. दहा मिनिटं शांत बसायचं, मग पन्नास पावलं मागे येऊन मनसोक्त बोलायचं, पुन्हा दहा मिनिटं. प्रत्येक गटाला एकच पक्षी आणि एकच काम द्या. टिबुकली, म्हणजे सतत बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी, मिळालेल्या गटाने ती बुडाली की मनात सेकंद मोजायचे आणि कुठे वर येईल याचा अंदाज बांधायचा. साधारण दहा ते वीस सेकंदांत ती वर येते, पण बुडाली तिथे क्वचितच. शेकाट्याच्या गटाने तो पाण्यात किती खोल जातो ते बघायचं: पाणी त्याच्या लालसर पायांच्या कुठपर्यंत येतं? थापट्या बदकाच्या गटाने चोचीकडे बघायचं. ती टोकाला रुंद असते आणि तो ती पाण्यावर टेकवून पुढे सरकत राहतो. पाणकावळ्याच्या गटाने तो पंख पसरून किती वेळ उभा राहतो ते घड्याळावर टिपायचं. त्याच्या पिसांत पाणी शिरतं, त्यामुळे त्याला बुडणं सोपं जातं आणि नंतर पंख वाळवावे लागतात. एकच तलाव, पण प्रत्येकाची जेवायची खोली आणि रीत वेगळी, हे परतल्यावर पाचही गटांच्या नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या की मुलांना आपोआप दिसतं. हे आम्हाला सहलीतलं सर्वात मोलाचं काम वाटतं, त्यासाठी वर्गात पाऊण तास राखून ठेवा.

मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजून ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि तसे किती तुकडे थव्यात बसतात ते मोजायचं. चक्रवाक बदकांवर हे छान जमतं, कारण ते केशरी-तपकिरी असल्याने काठावर ठळक दिसतात. तिपाईवरची मोठी दुर्बीण कुणाकडून मिळाली तर तिपाई मुलांच्या उंचीवर आणा. प्रत्येकाला पंधरा सेकंद दिले तरी चाळीस मुलांना दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात पक्षी हलतोच. म्हणून तीही गटागटाने द्या.

काठाचा वाळलेला दिसणारा गाळ खालून ओला असतो, पाय मांडीपर्यंत रुततो. काठावर मोठ्या माणसाने पुढे राहायचं. चिवड्याच्या पिशव्या डब्यात परत आणायच्या.

प्रश्न : सांगली शहरातच राहतो. रविवारी दोन तासांत मुलाला कुठे नेता येईल?
— एक वाचक, सांगली

आमराई. मोठी झाडं आहेत, चालायला वाट आहे, आणि तांबट, पोपट, बुलबुल, पिंगळा यांच्यासाठी गाव सोडावं लागत नाही. फळांनी लगडलेला वड, पिंपळ किंवा उंबर दिसला की त्याच्याखाली थांबा. आपला राज्यपक्षी हरियल पानांत इतका मिसळून जातो की आधी खाली पडणारी फळं दिसतात आणि मग तो. घाटावरून नदी बघायची तर वरच्या पायऱ्यांवरून बघा. हरिपूरला वारणेच्या संगमाजवळ खंड्या आणि बगळे चांगले दिसतात. पण कृष्णेच्या सांगली जिल्ह्यातल्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे मुलाला पाण्याच्या कडेला, मळीत किंवा लव्हाळ्यात उतरू देऊ नका. दिवस मोकळा असेल तर दंडोबाच्या माळावर चंडोल आणि माळटिटवी, किंवा सागरेश्वर अभयारण्य.

प्रश्न : आमच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची खूप घरटी आहेत. पावसाळ्यात त्यातली बरीच अर्धवटच राहिली. पक्षी अर्धं काम का सोडतात? एक घरटं शाळेत न्यायला काढू का?
— इयत्ता सहावी, पलूस तालुका

तू ‘अर्धवट’ म्हणून जी घरटी बघितलीस, तीच सर्वात बघण्यासारखी आहेत. घरटं नर बांधतो. डोक्यावर पिवळी टोपी असलेला तो नर. मादी आणि विणीचा हंगाम नसतानाचा नर दोघेही चिमणीसारखे मातकट दिसतात, म्हणून लोकांना बांधणारी मादीच वाटते.

नर उसाच्या किंवा गवताच्या पात्याच्या कडेला चोचीने एक खाच पाडतो, ती कड धरतो आणि उडतो. त्या झटक्याने लांब, अरुंद पट्टी सोलून निघते. अशा हिरव्या पट्ट्या तो फांदीला गाठ मारून गुंफतो. आधी एक उभं कडं तयार होतं. त्यावर बसून तो एका बाजूला अंड्यांची खोली विणतो. या टप्प्यावर घरटं उलट्या टोपीसारखं दिसतं, खाली दोन तोंडं उघडी आणि मध्ये एक आडवा पट्टा. इथे तो थांबतो. पंख फडफडवत घरट्याला लोंबकळतो, ओरडतो आणि माद्यांना बोलावतो. मादी आत शिरते, पट्टे चोचीने ओढून बघते. तिला पटलं तर नर एक तोंड बुजवून दुसऱ्याला खाली जाणारी लांब नळी विणतो आणि मादी आत अंडी घालते. नाही पटलं तर घरटं तसंच राहतं, कधी तो स्वतःच मोडतो आणि दुसरं सुरू करतो. मादी विणकामापेक्षा जागेला जास्त महत्त्व देते: फांदी उंचावर आहे का, काटेरी झाड आहे का, साप-उंदीर सहज पोचतील का. तुमच्या विहिरीवरची बाभूळ या सगळ्यात बसते, कारण काटे आहेत आणि खाली पाणी आहे. तरी त्याच झाडावर काही फांद्या चांगल्या आणि काही कमी चांगल्या असतात, आणि वाईट फांदीवरची घरटी अर्धवट राहतात. एक नर एका हंगामात एकाहून जास्त घरटी बांधून एकाहून जास्त माद्यांशी जोडी जमवू शकतो, म्हणून घरट्यांची संख्या नरांपेक्षा जास्त दिसते.

पुढच्या जूनमध्ये एक गोष्ट कर. झाडाचं वरून बघितल्यासारखं चित्र वहीत काढ, होकायंत्राने किंवा उगवतीवरून दिशा घाल आणि प्रत्येक घरटं कुठल्या बाजूला आहे ते ठिपक्याने दाखव. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. सुगरणींची घरटी पुष्कळदा त्याच्या आडोशाला, म्हणजे पूर्वेकडे जास्त असतात. तुमच्या बाभळीवर तसं आहे का ते तुझ्याच चित्रातून कळेल. मग एक नर निवड आणि दहा मिनिटांत तो किती पट्ट्या आणतो ते मोज. वीस-पंचवीस पावलांवर, बांधावर बसून. कडं, टोपी, नळी असे तीन टप्पे वहीत लिहून आठवड्यातून दोनदा प्रत्येक घरट्याचा टप्पा भर. नळी पूर्ण होऊन मादी आत-बाहेर करताना दिसली की अंड्यांची तारीख अंदाजाने लिही. दोन ते चार पांढरी अंडी असतात, मादी एकटी ती साधारण दोन आठवडे उबवते, आणि पिल्लं आणखी अडीच आठवड्यांच्या आसपास बाहेर पडतात. टोपीच्या टप्प्यात नर आतल्या भिंतीला ओल्या मातीचे गोळे लावतो, ते दुर्बिणीतून दिसू शकतात.

घरटं काढू नकोस. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो पक्ष्यांबरोबर त्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांनाही लागू आहे. शिवाय सुगरणीने सोडलेल्या घरट्यांत नंतर मुनिया राहायला येतात. वाऱ्याने खाली पडलेलं सापडलं तर तिथेच ते उलटंपालटं करून बघ. अंड्यांची खोली आणि नळी यांच्यामधला उंबरठा बोटाने चाचपून बघ, त्यामुळे अंडी नळीतून घरंगळत नाहीत. मग तिथेच ठेव आणि हात साबणाने धू, घरट्यात बारीक किडे असतात. आणि विहिरीला कठडा नसेल तर मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय काठाकडे जायचंच नाही. खरी घरटी बांधावरूनच चांगली दिसतात.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या वावरात टिटवीने चार अंडी घातली होती. नातवंडं रोज बघायला जायची. नंतर अंडी गायब झाली. पुन्हा असं झालं तर काय करावं? टिटवी ओरडणं अशुभ असं म्हणतात, ते मुलांना काय सांगावं?
— एक आजोबा, जत तालुका

आजोबा, रोजची पायवाट हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. माणूस जिथे जाऊन वाकतो तिथे कावळा लक्ष ठेवतो, आणि मुंगूस व कुत्रं मागाने येतात. त्यात टिटवी उठली की उघड्या मातीवरची अंडी उन्हात तापतात. जोडी एरवी आळीपाळीने बसून सावली करते आणि पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंड्यांना गारवा देते. दुपारी वीस मिनिटं तिला उठवून ठेवलं तर अंडी वाया जाऊ शकतात.

पुढच्या वेळी असं करा. अंड्यांपासून दहा पावलांवर, दोन विरुद्ध बाजूंना दोन दगड ठेवा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला जागा कळेल. अंड्यांना लागून काठी किंवा कापड लावू नका, ते कावळ्यालाही दिसतं. मधला तुकडा नांगरू नका. उबवायला साधारण चार आठवडे लागतात, आणि पिल्लं अंड्यातून निघाल्यावर अंग वाळताच चालू लागतात. मग तुकडा मोकळा. मुलांनी सकाळी लवकर, पन्नास पावलांवरून, बांधाआडून बघावं. टिटवी ओरडत डोक्यावर येऊ लागली की मागे फिरायचं. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत वळवलेली असतात आणि ती खड्यांमध्ये मिसळून जातात. हे एकदाच, मोठ्या माणसाबरोबर, सकाळच्या गारव्यात, उभ्याने बघून निघावं.

अशुभाचं म्हणाल तर टिटवी रात्रीही जागी असते, आणि माणूस, कुत्रं, कोल्हा कोणीही तिच्या हद्दीतून गेलं की ओरडते. रात्री ओरडली तर बॅटरी घेऊन गच्चीवरून वावराकडे बघा आणि काय हललं ते मुलांनाच ओळखू द्या.

प्रश्न : झाडाखाली पिल्लू सापडलं. मुलगी त्याला घरात आणून दूध पाजत होती. ते दगावलं. काय करायला हवं होतं?
— एक आई, मिरज

ताई, मुलीला रागावू नका. पण दूध, पाणी, पोळी काहीच चोचीत घालायचं नाही. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं आणि द्रव थेट फुप्फुसात जातो.

अंगावर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे आणि ते उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय. त्याला मांजरापासून लांब, जवळच्या झुडपावर ठेवा आणि बाजूला व्हा, आई-बाप भरवायला येतात. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत खरी नाही. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली, आत सुकं गवत, त्याच फांदीला बांधा आणि दोन तास लांबून बघा. जखम असेल, किंवा पंखात मांजा अडकला असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी मांजा कापा, अंगावरचा तसाच राहू द्या, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकांना फोन करा.

प्रश्न : अजिंक्यताऱ्यावर जाताना एक पिवळाधमक पक्षी दिसला. मोबाइलवर शोधला तर दोन-तीन सारखेच निघाले. डोक्यावर काळं होतं, पण किती ते आठवत नाही. तो कोणता?
— इयत्ता आठवी, सातारा

आकार लिहिला नाहीस, तिथून सुरुवात करू. चिमणीएवढा किंवा लहान असेल तर सुभग नावाचा पक्षी असू शकतो. साळुंकीएवढा असेल तर हळद्या, आणि मग प्रश्न डोक्याचा. सगळं डोकं आणि गळा काळा असेल तर काळ्या डोक्याचा हळद्या. डोकं पिवळं आणि डोळ्यातून फक्त काळी पट्टी गेलेली असेल तर साधा हळद्या, जो तुमच्याकडे हिवाळ्यात जास्त दिसतो. दोघांचीही चोच गुलाबी-लालसर असते, तेव्हा चोचीवरून निकाल लागत नाही.

डॉ. सालिम अली लहानपणी मुंबईत छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारत. त्यातल्या एकीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. तो कुठला पक्षी हे घरी कुणाला सांगता येईना, म्हणून काकांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरून जपलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. पक्षी हातात होता, म्हणून खूण पुन्हा पुन्हा बघता आली. आपल्या हातात पक्षी नसतो, म्हणून वही लागते.

वहीत आधी लिहायचं, मोबाइल नंतर उघडायचा. एकदा पडद्यावरचं चित्र बघितलं की आठवण त्या चित्रासारखी होते आणि तू काय पाहिलं होतंस ते पुसलं जातं. आवाजावरून नाव सांगणारी अ‍ॅप उपयोगाची आहेत, पण तीही चित्र काढून झाल्यावर. क्रम असा: आकार चिमणी, साळुंकी, कावळा, घार यांपैकी कुणाएवढा; चोच जाड, बारीक की वाकडी; कुठे बसला होता, किती उंचीवर; काय करत होता; आणि रंग सर्वात शेवटी, डोकं, गळा, पोट, पंख, शेपूट असे वेगवेगळे. चित्राला कला लागत नाही. अंगासाठी आडवा लंबगोल, डोक्यासाठी वर्तुळ, चोच, शेपूट, आणि रंग असेल तिथे बाण काढून शब्द. दोन मिनिटांत होतं. जे दिसलं नाही तिथे ‘दिसलं नाही’ असंच लिही, अंदाजाने भरू नकोस. पेन्सिल वापर, दवात पेनाची शाई पसरते.

हळद्या पानांत लपतो, पण फळं असलेल्या झाडाला पुन्हा पुन्हा येतो. ज्या झाडावर दिसला होता तिथेच, त्याच वेळी, तीन-चार दिवस जा. मंजुळ शिळेसारखा आवाज आला की हलू नकोस, पानांकडे साध्या डोळ्यांनी बघत राहा. दिसला की फक्त डोक्याकडे बघ. आणि आम्हाला पुढच्या पत्रात तारीख, वेळ, झाडाचं नाव आणि त्या डोक्याचं चित्र पाठव.